मुंबईच्या उत्सर्जनाची मोजदाद : कागदावरची आणि हवेतली

विशेष प्रतिनिधी

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा वातावरण कृती आराखडा जाहीर केला, तेव्हा त्यातील एक आकडा सर्वत्र ठळकपणे छापला गेला. २०१९ या एका वर्षात मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइड, किंवा त्याच्या तोलाचे अन्य हरितगृह वायू, वातावरणात सोडले होते. माणशी हे प्रमाण १.८ टन भरते. त्यातील ७२ टक्के वाटा घरे, कार्यालये व कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आणि त्यातही प्रामुख्याने विजेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला ८ टक्के कचऱ्याचा आहे. २०५० पर्यंत हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे आणि पहिला टप्पा म्हणून २०३० पर्यंत त्यात ३० टक्के घट करायची, असे उद्दिष्ट या आराखड्याने ठरवले.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्युनॉस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांवरील मिथेन वायू त्यांनी उपग्रहांच्या साह्याने मोजला होता. जागतिक पातळीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या उत्सर्जन नोंदींपेक्षा या शहरांतील मिथेन १.४ ते २.६ पट अधिक असल्याचे त्यांना आढळले. मुंबईतील एका क्षेपणभूमीतून, म्हणजे डम्पिंग ग्राउंडमधून, तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडत असल्याचेही त्यात नमूद होते.

महापालिकेचा आकडा कागदावर मांडलेल्या हिशेबातून आला, तर शास्त्रज्ञांचा आकडा हवेच्या निरीक्षणातून. शहराच्या उत्सर्जनाची मोजदाद या दोन्ही मार्गांनी होते, आणि दोहोंची उत्तरे जुळतातच असे नाही. मुंबईपुढील उद्दिष्ट टक्केवारीत असल्याने मूळ आकडा किती खरा, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता राहत नाही.

मोजणी नव्हे, गुणाकार

चौकाचौकांतील फलकांवर हवेची प्रत दाखवणारे आकडे झळकतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही अशाच यंत्रांनी मोजला जात असावा, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. देशात २००९ मध्ये ठरवण्यात आलेल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. सूक्ष्म धूलिकण, ओझोन, शिसे, बेंझिन, अमोनिया असे घटक त्यात येतात. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांचा मात्र त्यात समावेश नाही. हे वायू श्वासावाटे थेट अपाय करणारे नाहीत, हे त्यामागील कारण.

मग २ कोटी ३४ लाख टनांचा आकडा आला कोठून? तो गुणाकारातून आला. शहरात किती इंधन जळले, किती वीज वापरली गेली, किती कचरा टाकला गेला याची माहिती जमवायची आणि प्रत्येक परिमाणाला ठरावीक गुणकाने गुणायचे, अशी ही रीत आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलच्या बाबतीत हा आकडा सुमारे २.७ किलो आहे. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असताना त्यातून तिपटीने जड वायू कसा निघतो, हे अनेकांना कोड्यात टाकते. पेट्रोलमधील कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू येऊन मिळतात, म्हणून वजन वाढते. बारा किलो कार्बनमधून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड, हा शालेय रसायनशास्त्रातील हिशेब येथे कामी येतो. १४.२ किलोचा स्वयंपाकाच्या गॅसचा एक सिलिंडर संपला, की साधारण ४२ किलो वायू हवेत गेलेला असतो. विजेचे गणित वेगळे. ती घरात धूर सोडत नाही. पण देशाच्या वीजजाळ्यात अद्याप कोळशाचे प्राबल्य असल्याने प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड कोठे तरी बाहेर पडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा गुणक प्रसिद्ध करते.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू प्रमाणाने कमी. परंतु उष्णता अडवण्यात कितीतरी पटींनी प्रभावी आहेत. शंभर वर्षांचा कालावधी धरला, तर एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा मानला जातो. मिथेन हवेत फार काळ टिकत नाही. त्यामुळे कालावधी वीस वर्षांचाच धरला, तर हाच गुणक ऐंशीच्या घरात जातो. कोणता कालावधी धरायचा हा निवडीचा भाग आहे, आणि शहरांच्या हिशेबात शंभर वर्षांचा गुणक वापरण्याचा प्रघात आहे.

ट्रॉम्बेची चिमणी आणि चंद्रपूरचे सिमेंट

शहरांनी हा हिशेब कसा मांडावा, याचे जागतिक नियम २०१४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथील हवामान परिषदेच्या वेळी जाहीर झाले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, 'सी-४०' हा महानगरांचा गट आणि 'इक्ली' ही स्थानिक स्वराज्य संस्थांची संघटना यांनी मिळून ते तयार केले. त्यापैकी पहिल्या दोन संस्थांचे साह्य मुंबईच्या आराखड्यालाही लाभले आहे. हे नियम उत्सर्जनाची तीन वर्तुळे पाडतात. शहराच्या हद्दीत प्रत्यक्ष जळलेले इंधन पहिल्या वर्तुळात, बाहेरून घेतलेल्या विजेमुळे अन्यत्र होणारे उत्सर्जन दुसऱ्यात, आणि शहराच्या गरजांपोटी हद्दीबाहेर होणारे इतर सारे उत्सर्जन तिसऱ्यात.

कागदावर ही विभागणी सरळ दिसते. मुंबईला लावून पाहिली की तिच्या गमती कळतात. चेंबूर-माहुल परिसरातून दिसणारी ट्रॉम्बे औष्णिक वीज केंद्राची चिमणी शहराच्या हद्दीतच आहे. तरीही वीजजाळ्याला पुरवल्या जाणाऱ्या विजेपोटी तेथे जळणारे इंधन वेगळ्या रकान्यात दाखवले जाते, शहराच्या बेरजेत धरले जात नाही. त्या विजेचा वापर ग्राहकांच्या देयकांत एकदा मोजला गेलेला असतो. चिमणीही धरली, तर तोच वायू दोनदा मोजला जाईल. दुहेरी मोजणी टाळण्याचा हा नियम रास्तच आहे. मात्र डोळ्यांदेखत धूर सोडणारी चिमणी बेरजेबाहेर आणि घरातला निर्धूर पंखा बेरजेत, हे सामान्य नागरिकाला चटकन पटत नाही.

चर्चगेटहून सुटून विरारला जाणारी लोकल दहिसर ओलांडली की मुंबईची राहत नाही. पुढील प्रवासाचे उत्सर्जन तिसऱ्या वर्तुळात जाते. विमानतळावरून परगावी उडालेल्या विमानांचेही तसेच. नियमांत हिशेबाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या, मूलभूत पायरीवर स्थिर ऊर्जा, वाहतूक आणि कचरा एवढेच क्षेत्र येते. दुसऱ्या पायरीवर औद्योगिक प्रक्रिया, जमिनीचा वापर आणि हद्दीपलीकडील वाहतूक यांची भर पडते. वातानुकूलन यंत्रांतून गळणारा वायू मूलभूत पायरीवर मोजलाच जात नाही. जुन्या यंत्रांत सर्रास असलेला 'आर-४१०ए' हा वायू किलोभर गळला, तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचा ठरतो, म्हणजे आराखड्यातील एका मुंबईकराच्या वर्षभराच्या उत्सर्जनाहून अधिक. घरगुती यंत्रात साधारण तेवढाच वायू भरलेला असतो.

बांधकामाची गोष्ट याहून मोठी. गेल्या दशकात मुंबईत मेट्रोचे मार्ग, उड्डाणपूल, सागरी किनारा मार्ग आणि पुनर्विकासाचे मनोरे यांच्यासाठी अफाट सिमेंट व पोलाद लागले. चुनखडी भाजून क्लिंकर बनवताना, भट्टीतील कोळसा सोडून केवळ दगडातूनच, टनामागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. पोलादाच्या टनामागे देशात सरासरी दोन ते अडीच टन. राज्यातील सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा-कोरपना पट्ट्यात आहेत. तेथील धूर चंद्रपूरच्या नावावर जमा होतो आणि त्यातून उभा राहिलेला पूल मुंबईच्या नकाशावर मिरवतो. मुंबईच्या बेरजेत त्या पुलाखालून जाणाऱ्या मोटारीचे पेट्रोल येते, पुलाचे सिमेंट येत नाही. पायाभूत सुविधांच्या उत्सर्जनाचा हा सर्वांत मोठा न लिहिलेला भाग आहे.

माहिती कोठे पक्की, कोठे कच्ची

गुणाकाराच्या या पद्धतीत उत्तराची विश्वासार्हता मूळ माहितीवर ठरते. विजेची माहिती सर्वांत पक्की. बेस्ट, टाटा पॉवर, अदानी आणि पूर्व उपनगरांच्या काही भागांत महावितरण, अशा वितरकांकडे प्रत्येक ग्राहकाची मीटरवरील नोंद असते. घरगुती, व्यापारी, औद्योगिक असे वर्गीकरणही तयार मिळते. पाइपने येणाऱ्या गॅसचे तसेच आहे.

पेट्रोल आणि डिझेलच्या बाबतीत थोडी गफलत संभवते. पंपावर विकले गेलेले इंधन म्हणजे शहरात जळालेले इंधन नव्हे. मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या हद्दीत इंधनावरील मूल्यवर्धित कर २०२४ पर्यंत उर्वरित राज्यापेक्षा अधिक होता. अशा वेळी मालमोटारीचा चालक टाकी कोठे भरेल, हे सांगण्यासाठी अभ्यासगटाची गरज नाही. उलट, मुंबईत भरलेल्या टाकीवर पुण्या-नाशिकचा प्रवास होतोच. विक्रीऐवजी वाहनांची संख्या आणि प्रत्येकाने कापलेले अंतर यांवरून हिशेब मांडता येतो. पण वाहन नोंदणीत भंगारात गेलेल्या गाड्याही वर्षानुवर्षे कायम राहतात, आणि सरासरी अंतर हा अखेर अंदाजच असतो.

माणशी आकडाही असाच सावधपणे वाचावा लागतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. २०१९ साठी धरलेला भाजक हा त्यावरून पुढे वाढवलेला अंदाज आहे, आणि रोज हद्दीबाहेरून कामाला येणारे लाखो लोक त्यात नाहीत. त्यांच्या कार्यालयातील वीज मात्र मुंबईच्या खात्यावर पडते.

सर्वांत कच्ची बाजू कचऱ्याची. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला, हवा मिळेनाशी झाली की जिवाणू त्याचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. हे काम एका वर्षात संपत नाही, अनेक वर्षे चालू राहते. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे. तिच्या पोटात कोणत्या दशकात किती अन्नकचरा, किती माती, किती प्लास्टिक गेले याची विश्वसनीय नोंद कोणाकडे असणार? त्यामुळे कचऱ्याचे प्रमाण, त्यातील कुजणारा भाग, ढिगाची खोली, ओलावा अशा गृहीतकांवर सूत्र चालवले जाते. त्यातही नियमांनी दोन रीतींना मुभा दिली आहे. एका रीतीत पूर्वी टाकलेल्या कचऱ्यातून यंदा निघणारा वायू मोजतात. दुसऱ्या रीतीत यंदा टाकलेल्या कचऱ्यातून भविष्यात निघणारा सारा वायू यंदाच्याच खात्यावर मांडतात. दुसरी रीत सोपी. परंतु जुना ढीग त्यात अदृश्य होतो. उपग्रहाला मात्र जुना-नवा असा भेद कळत नाही.

आता उपग्रहाने दिलेला आकडा या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा. तासाला ९.८ टन हा वेग वर्षभर कायम धरला, तर सुमारे ८५ हजार टन मिथेन होतो. त्याला २८ ने गुणले की सुमारे २४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचे उत्सर्जन येते. आराखड्यात संपूर्ण शहराच्या कचऱ्याचा वाटा ८ टक्के, म्हणजे १९ लाख टनांच्या आत आहे. एकट्या क्षेपणभूमीचे मोजमाप सगळ्या शहराच्या कचऱ्याच्या हिशेबापेक्षा मोठे निघते. वीस वर्षांचा गुणक लावला, तर तोच वायू ६८ लाख टनांच्या आसपास जातो, आणि २०३० पर्यंत मुंबईला एकूण कपात करायची आहे ती ७० लाख टनांची.

अर्थात, ही तुलना करताना घाई करून चालणार नाही. उपग्रह शहरावरून क्षणार्धात जातो. आकाश निरभ्र असेल तेव्हाच त्याला वायू दिसतो. मोजक्या दिवसांची ही छायाचित्रे वर्षभरावर ताणलेली असतात. पावसाळ्याचे चार महिने मुंबईवर ढगांचे आच्छादन असते, आणि ओल्या ढिगात कुजण्याची क्रिया नेमकी त्याच काळात कशी चालते, हे वरून पाहता येत नाही. ९.८ हा आकडा म्हणूनच अंतिम मानता येणार नाही. मात्र कचऱ्याचा हिशेब फेरतपासणीस घ्यावा, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

हवेतून मोजण्याचे प्रयोग

प्रत्यक्ष हवेत मोजायचे, तर अडचण वेगळीच. जगाच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण २०२४ मध्ये सरासरी दहा लाख भागांत ४२२ हून थोडे अधिक होते. जमिनीपासून अवकाशापर्यंतचा हवेचा संपूर्ण स्तंभ धरला, तर मोठे शहरही त्यात साधारण एखाद्या भागाची भर घालते. ४२२ मधील हा एक भाग वेगळा ओळखायचा, आणि तोही वारा वाहत असताना. झाडे आणि माणसे यांच्या श्वसनाचाही कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळलेला असतो.

यावर तोडगा काढणारा सर्वांत चिकाटीचा प्रयोग अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात झाला. २०१० मध्ये त्याची सुरुवात झाली. शहर निवडण्यामागे कारण होते. सपाट प्रदेश, भोवती मैलोन्‌मैल शेते, जवळ समुद्र नाही की दुसरे महानगर नाही. शहरात शिरणारी हवा एका बाजूच्या मनोऱ्यावर आणि बाहेर पडणारी दुसऱ्या बाजूच्या मनोऱ्यावर मोजायची, दोहोंतील फरक म्हणजे शहराची भर. असे डझनभर मनोरे आणि जोडीला विमानातून घेतलेली निरीक्षणे वापरण्यात आली. इंधनाचा वायू आणि झाडांचा वायू वेगळा करण्यासाठी कार्बन-१४ या किरणोत्सारी अणूची मदत होते. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात व तेलात तो उरलेलाच नसतो, झाडांत असतो. हवेच्या नमुन्यात कार्बन-१४ जितका विरळ, तितका इंधनाचा वाटा मोठा. अखेर मनोऱ्यांवरचे उत्तर आणि रस्त्यारस्त्याचा, इमारतीइमारतीचा तपशील घेऊन शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब दहा टक्क्यांच्या आत जुळला.

म्हणजे कागदी हिशेब मुळातच चुकीचा असतो असे नाही. तो काळजीने करावा लागतो. शहरांच्या प्रशासनांनी स्वतः केलेल्या हिशेबांची स्थिती तितकी चांगली नव्हती. अमेरिकेतील ४८ शहरांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा स्वतःच्या उत्सर्जनाची नोंद शहरांनी सरासरी १८ टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले. कोणी जाणूनबुजून लपवले असे नव्हे. काहींनी काही इंधने वगळली होती, काहींचे वाहतुकीचे अंदाज तोकडे होते.

लंडनमध्ये बीटी टॉवरच्या माथ्यावर निराळी रीत वापरली जाते. वाऱ्याची वर-खाली होणारी हालचाल आणि त्याच क्षणी हवेतील कार्बन डायऑक्साइड सेकंदाला अनेकदा टिपून खालच्या वस्तीतून किती वायू वर चढतो, हे काढले जाते. २०२० मधील पहिल्या टाळेबंदीत मध्य लंडनचे उत्सर्जन जवळपास ६० टक्क्यांनी घटल्याचे या यंत्रांनी दाखवले. कागदी हिशेबाला हे कळण्यास दोन वर्षे लागली असती.

बोस्टनचे उदाहरण मुंबईला अधिक जवळचे वाटेल, कारण मुंबईतही पाइप गॅसचे जाळे विस्तारते आहे. तेथील सुमारे १,२६० किलोमीटर रस्त्यांवरून मोटारीत यंत्र ठेवून फेरी मारली असता जमिनीखालच्या वाहिन्यांची ३,३५६ गळतीस्थाने सापडली. हा अभ्यास २०१३ चा. पुढे २०१५ मध्ये मनोऱ्यांवरील मोजणीतून त्या परिसरात पुरवठ्यातील सुमारे २.७ टक्के गॅस हवेत जात असल्याचे निष्पन्न झाले, सरकारी हिशेबाच्या दुपटीहून अधिक. वाहिन्या जुन्या, ओतीव लोखंडाच्या होत्या. मुंबईतील जाळे त्या मानाने नवे आहे. मात्र गळतीचे प्रमाण गृहीत न धरता मोजणे, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात हवेचे नमुने घेण्याची परंपरा नाही असे नाही. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील काबो द राम येथे १९९३ पासून काही वर्षे अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संस्था यांनी हवेचे नमुने गोळा केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असे काम हाती घेतले. या जागांची निवड शहरांपासून दूर, स्वच्छ हवेसाठी होती. शहराचा वायू मोजणे हा त्यांचा हेतू नव्हता. मुंबईत तसा प्रयोग करायचा, तर दिवसा समुद्रावरून व रात्री जमिनीवरून वाहणारे वारे आणि अगदी हद्दीला खेटून असलेली ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर ही शहरे यांतून मार्ग काढावा लागेल. इंडियानापोलिसची सोय येथे नाही.

आकडा घटला म्हणजे काय घटले?

महापालिकेने जून २०२४ मध्ये पहिला 'हवामान अर्थसंकल्प' मांडला. कोणत्या कामावरील खर्चाने उत्सर्जन कमी होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. त्यासाठीही आधार तोच, २०१९ चा आकडा. येथे विजेचा गुणक फार मोठी भूमिका बजावतो. मुंबईने काहीही न करता देशाच्या वीजजाळ्यात सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढला, तर मुंबईचा आकडा आपोआप खाली येईल. उलट बाजूही तशीच. डिझेलवरील वातानुकूलित बस लिटरमागे तीन किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरला ०.९ किलो वायू होतो. विजेवरील बसला किलोमीटरमागे सव्वा युनिट लागले, तर आजच्या गुणकाने तेवढाच हिशेब येतो. रस्त्यावरचा धूर जातो, आणि तो फायदा मोठा आहे. हरितगृह वायूंचा फायदा वीजजाळे सुधारेल तसतसा पदरात पडेल. दोन्ही फायदे एकाच तक्त्यात दाखवले की नागरिकांची दिशाभूल होते.

नियमांतील एक तरतूद सहसा चर्चेत येत नाही. हिशेबाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर माहितीची प्रत उच्च, मध्यम की निम्न हे लिहावे लागते, आणि अंदाजच केलेला नसेल तर तसे चिन्ह द्यावे लागते. शहराचा खरा आलेख त्या चिन्हांत असतो. दुसरी तरतूद अशी की मोजण्याची पद्धत लक्षणीयरीत्या बदलली, तर आधारवर्षाचा आकडाही नव्या पद्धतीने पुन्हा काढावा लागतो. क्षेपणभूमींवरील मिथेन उद्या सूत्राऐवजी यंत्रांनी मोजून हिशेबात घेतला, तर २०१९ चा आकडा बहुधा वाढेल, आणि त्यासोबत २०३० पर्यंत कमी करावयाचे टनही वाढतील.